‘राखेच्या सिमेंटवर मी सही करत नाही’ म्हणणाऱ्या साहेबांना खुले पत्र

प्रति,
स्ट्रक्चरल कन्सल्टंट साहेब,
पुणे

विषय : आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या निविदेतील एक ओळ
संदर्भ : आपल्या सहीचे तांत्रिक तपशीलपत्र, सिमेंटचे कलम

साहेब,

तुमचे नाव मी या पत्रात घातलेले नाही. राग फक्त तुमच्यावर असता तर बंद पाकिटातून लिहिले असते. पण तुम्ही लिहिलेली ओळ तुमची एकट्याची नाही. या शहरातल्या कितीतरी निविदांमध्ये ती जशीच्या तशी सापडते, म्हणून हे पत्र चव्हाट्यावर.

ओळ अशी आहे : ‘सर्व कामांसाठी फक्त ५३ ग्रेड ओपीसी वापरावे. पीपीसी, स्लॅग सिमेंट किंवा अन्य कोणतेही मिश्र सिमेंट चालणार नाही.’ (ओपीसी म्हणजे साधे पोर्टलंड सिमेंट; पीपीसीत सहसा औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेली असते, स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीची मळी.)

गेल्या सभेत मी उठून कारण विचारले. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, ‘राखेच्या सिमेंटवर मी सही करत नाही.’ समोर चाळीस कुटुंबे बसली होती. राख हा शब्द ऐकून त्यांच्या डोळ्यांपुढे काय आले असेल ते तुम्हाला चांगले ठाऊक होते. चुलीतली राख, स्मशानातली राख, भेसळ. पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही आणि कलम मंजूर झाले. तुम्ही दिलेले उत्तर तांत्रिक नव्हते, तुम्ही भीती घातलीत. तीस वर्षे साइटवर काढलेला माणूस म्हणून मला त्याचा संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

त्याच सभेत विकासकाने आपली माहितीपुस्तिका वाटली. मुखपृष्ठावर हिरवे पान, आत गच्चीवर वीस किलोवॉटचे सौर पॅनेल, जिन्यात एलईडी दिवे, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण. हे सगळे चांगले आहे, मला हवेच आहे. पण या पुस्तिकेतले सगळे पुण्य तुमच्या तपशीलपत्रातली एक ओळ धुऊन टाकते. ते कसे, याचा हिशेब मांडतो. आकडे तपासा, चुकले असतील तर सभेत दाखवून द्या.

सिमेंटच्या गोणीतला खरा ऐवज म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि माती दळून फिरत्या भट्टीत साधारण १,४५० अंश सेल्सिअसला भाजली की काळपट गोळे तयार होतात, तेच क्लिंकर. थोडे जिप्सम घालून ते दळले की ओपीसी तयार. आता चुनखडीचे काय होते ते पाहा. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर हातात ५६ किलो चुना राहतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा कोळशाचा धूर नव्हे, तो वेगळा. हा वायू दगडाच्या पोटातून निघतो. उद्या भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे ४४ किलो निघणारच. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनाचा साधारण साठ टक्के भाग असा थेट दगडातून येतो, आणि म्हणूनच इंधन बदलून हे पाप पुरते फिटत नाही. ते फेडण्याचा हाताशी असलेला सर्वांत मोठा मार्ग म्हणजे गोणीतले क्लिंकर कमी करणे. तुमच्या ओळीने नेमकी तीच वाट बंद केली आहे.

जगात वर्षाला सुमारे चार अब्ज टन सिमेंट तयार होते आणि माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के त्यातून येतो. चीननंतर सर्वांत जास्त सिमेंट आपला देश बनवतो. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्या कोणाच्या दारातला आहे असे म्हणायची सोय आपल्याला नाही.

एक टन क्लिंकर म्हणजे दगड आणि इंधन मिळून साधारण ८०० ते ८५० किलो कार्बन डायऑक्साइड. ५० किलोच्या ओपीसीच्या गोणीत क्लिंकर ४७ किलोच्या आसपास, म्हणजे गोणीमागे ३८ ते ४० किलो वायू. पस्तीस टक्के राख असलेल्या पीपीसीच्या गोणीत क्लिंकर तीसेक किलो, म्हणजे गोणीमागे २५ किलो. फरक तेरा-चौदा किलोंचा. आता आपल्या इमारतीकडे या. नवे बांधकाम साधारण एक लाख चौरस फूट आहे. ठेकेदार लोक चौरस फुटाला ०.४ गोणी धरतात, म्हणजे चाळीस हजार गोण्या. तेरा किलोंचा फरक धरला तरी पाचशे टनांहून जास्त होतो.

पाचशे टन म्हणजे किती, हे सभासदांना कळावे म्हणून पुस्तिकेतलेच सौर पॅनेल घेऊ. वीस किलोवॉटचा संच पुण्यात वर्षाला २८ हजार युनिटच्या आसपास वीज देईल. आपल्या ग्रिडमधल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला वीस टन वाचतील. पाचशे टन वाचवायला त्या पॅनेलला पंचवीस वर्षे राबावे लागेल, आणि पॅनेलचे आयुष्यही तेवढेच असते. म्हणजे गच्चीवरचे पॅनेल जन्मभर जे कमावणार, ते तुम्ही पाया आणि स्लॅब पडेपर्यंतच उधळून टाकणार. इमारतीत एकही कुटुंब राहायला येण्याआधी.

बांधकामाचा हा कार्बन इमारतीच्या अंगात मुरलेला असतो. विजेचे तसे नसते. आज जास्त वीज जळत असेल तर पाच वर्षांनी दिवे बदलता येतात, पंखे बदलता येतात, पॅनेल वाढवता येते. मुरलेल्या कार्बनला दुसरी संधी नाही. तो पहिल्या दोन-तीन वर्षांत एकरकमी खर्च होतो आणि त्याचा निर्णय रहिवासी घेत नाहीत. तो निर्णय तुमच्या टेबलावर, तुमच्या सहीने होतो. म्हणून हे पत्र विकासकाला न लिहिता तुम्हाला लिहिले. विकासक खर्च पाहतो, आणि पीपीसीची गोणी ओपीसीपेक्षा सहसा स्वस्तच पडते. त्याला ती नको असण्याचे कारण नाही. त्याला तुम्ही अडवले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात कधी गेला आहात का? गेला नसाल तर जा. गडचांदूर आणि आवारपूरच्या बाजूला चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटच्या भट्ट्या आहेत. त्याच जिल्ह्यात महाराष्ट्राचे सर्वांत मोठे सरकारी औष्णिक वीज केंद्र आहे आणि तिथून रोज राख निघते आहे. एकीकडे डोंगर फोडून क्लिंकर भाजायचे आणि दुसरीकडे त्याच क्लिंकरची जागा घेऊ शकणारी राख तळ्यात साठवायची, असा आपला कारभार आहे. देशातली औष्णिक केंद्रे वर्षाला पंचवीस कोटी टनांहून जास्त राख बाहेर टाकतात. नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत आणि नदीत शिरले. तुम्हाला जी राख सिमेंटमध्ये नको आहे, ती तिथल्या शेतकऱ्याच्या मातीत गेली. केंद्र सरकारने १९९९ मध्ये राखेच्या वापराची पहिली अधिसूचना काढली आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर शंभर टक्के राख वापरात आणण्याचे बंधन घातले. सरकार केंद्रांना सांगते, राख वापरा. तुम्ही ठेकेदाराला सांगता, राख आणू नका. मग ती जायची कुठे?

आता तुमच्या बाजूचे जे खरे आहे तेही लिहितो, कारण अर्धवट बोलण्याचा आरोप मला माझ्यावर नको.

पीपीसीला ताकद सावकाश येते, हे खरे आहे. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की बळकटी देणाऱ्या जेलबरोबर मोकळा चुनाही तयार होतो. राखेतली सिलिका त्या चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि आणखी जेल बनवते. या क्रियेला आठवडे लागतात. म्हणून सात दिवसांचा चाचणीचा क्यूब कच्चा दिसतो आणि सेंटरिंगवाला कुरकुरतो. भारतीय मानक आयएस ४५६ ओपीसीच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारायला सांगते आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस. पुण्याच्या एप्रिलमध्ये दहाव्या दिवसापर्यंत स्लॅबवर आळी बांधून पाणी टिकवणे सोपे नाही, तेही मान्य. पाणी नीट मारले नाही तर राखेचे काँक्रीट ओपीसीपेक्षा जास्त मार खाते आणि त्यात कार्बोनेशन लवकर आत शिरते. तळ्यातली ओली राख उचलून मिक्सरमध्ये टाकणारे महाभागही मी पाहिले आहेत. काँक्रीटला आयएस ३८१२ च्या कसोटीत बसणारी, सायलोतली सुकी, बारीक राखच लागते. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी केबल ताणायच्या असतील तर तिथे ओपीसी हवे, त्यालाही माझी हरकत नाही.

पण यातल्या प्रत्येक अडचणीला उपाय आहे आणि तो उपाय लिहिणे हेच तुमचे काम आहे. त्यासाठीच सोसायटी तुम्हाला फी देते. दहा दिवस पाणी मारायचे असेल तर तसे कलम लिहा आणि साइटवर येऊन पाहा. राखेची प्रत हवी असेल तर चाचणीचा दाखला मागा. टेकू काढायची घाई असेल तर त्या दिवशीचा क्यूब फोडून मगच परवानगी द्या. कॉलम, पाया, तळघराच्या भिंती यांना कसली घाई आहे? राफ्टवर, म्हणजे पायाच्या सलग जाड स्लॅबवर, पूर्ण भार यायला महिने लागतात. तिथे अठ्ठावीस दिवसांऐवजी छप्पन्न दिवसांची ताकद धरली तर काय बिघडते? तुम्ही दीड मीटर जाडीच्या राफ्टमध्येही शुद्ध ५३ ग्रेड ओढता. एवढ्या जाड काँक्रीटच्या पोटात सिमेंटची उष्णता साठते, आत गरम आणि बाहेर थंड अशा ताणाने तडे जातात, हे तुम्ही स्वतः कॉलेजात शिकला आहात. अशा ठिकाणी राख किंवा स्लॅग घालून उष्णता कमी करायची असते. तिथे ओपीसीचा हट्ट कार्बनच्या हिशेबात वाईट आहेच, इंजिनिअरिंगच्या हिशेबातही वाईट आहे.

टिकाऊपणाचेही तेच. मोकळा चुना वापरला गेला की काँक्रीट घट्ट होते, पाणी आणि क्लोराइड आत शिरायची वाट अरुंद होते. मुंबईच्या खाऱ्या हवेत गज गंजून फुगतात, कव्हर फुटून खाली पडते, त्याचे ऑडिट अहवाल तुमच्याच कचेरीतून निघतात. तिथे स्लॅगचे काँक्रीट शुद्ध ओपीसीपेक्षा चांगले टिकते, हे स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकात मुलांना शिकवले जाते. मुंबईतले आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटचे, प्लांट स्लॅगची भुकटी घातलेले काँक्रीट रोज पुरवतात. त्यावर उंच इमारती उभ्या आहेत.

तुम्ही म्हणाल, मानकानुसार ओपीसीचा क्यूब ५३ मेगापास्कल, पीपीसीचा ३३. हा आकडा दाखवून तुम्ही सभासदांना गप्प करू शकता, मला नाही. तो आकडा सिमेंट आणि वाळूच्या छोट्या क्यूबचा आहे आणि पीपीसीसाठी तो किमान मर्यादा आहे. इमारत गोणीवर छापलेल्या आकड्यावर उभी राहत नाही. ती खडी, क्रश सॅण्ड, पाणी आणि सिमेंट यांच्या ठरवून काढलेल्या मिश्रणावर उभी राहते. तुम्हाला एम-३० दर्जाचे काँक्रीट हवे असेल तर मिक्स डिझाइन करून एम-३० चे क्यूब दाखवायला सांगा. ते आले तर गोणीवर काय छापले होते याच्याशी तुमचे काय काम? आणि एक गोष्ट सभासदांनीही लक्षात घ्यावी. ५३ ग्रेडचे भारतीय मानक १९८७ मध्ये आले. आपली आत्ता पाडायला निघालेली इमारत १९७८ ची आहे. म्हणजे जिच्यात आपण मुलांची लग्ने केली ती इमारत ५३ ग्रेडचा जन्म व्हायच्या आधी उभी राहिली. ती कमकुवत झाली म्हणून आपण पाडत नाही. लिफ्ट नाही, पार्किंग नाही आणि जास्त एफएसआय मिळतो आहे, म्हणून पाडतो आहोत.

ही ओळ आली कुठून, हेही मला माहीत आहे. सिमेंट परमिटवर मिळायचे त्या दिवसांतून. तेव्हा गोणी काळ्या बाजारात जायची आणि वाटेत तिच्यात राख, माती, काहीही मिसळले जायचे. सिमेंटच्या कोट्यावरून उठलेल्या वादळात जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, इतके ते प्रकरण तापले होते. त्याच वर्षी सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. पण ‘राख म्हणजे भेसळ’ हा समज आमच्या पिढीच्या मनात बसला तो बसलाच. चोराने गोणीत मिसळलेली राख आणि कारखान्यात मोजून, दळून, तपासून घातलेली राख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक आम्ही शिकलो, पण जुनी निविदा समोर ठेवून नवी उतरवताना विसरलो. ‘आम्ही’ म्हणतो आहे, कारण हा दोष माझ्याही खात्यावर आहे. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मी ही ओळ किती वेळा उतरवली याची गणती नाही. मला कोणी ‘का’ विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. त्या गोण्यांचा वायू आज हवेत आहे, तो मी परत आणू शकत नाही. म्हणूनच तुम्हाला ‘का’ विचारणारा एक तरी माणूस सभेत असावा असे मला वाटते.

आणि गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट ही की, ज्याला तुम्ही नवे खूळ समजता ते आपल्या गवंड्यांच्या हाताखालचे आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये घेतले आणि भारतात पोरबंदरला त्याचे यशस्वी उत्पादन १९१४ मध्ये सुरू झाले. त्याआधी आपली बांधकामे चुन्यात व्हायची आणि चुन्याला पाण्यात बळ यावे म्हणून त्यात सुरखी घालायचे. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीची, विटांची भुकटी. बैलाच्या घाण्यात चुना आणि सुरखी मळली जायची. चुन्याशी संयोग करून बळ देणारी भाजलेली माती, हे रसायन त्या गवंड्याला नावाने माहीत नव्हते, पण हाताने माहीत होते. राख चुन्याशी जे करते तेच सुरखी करते.

आज जगात ज्या सिमेंटकडे सर्वांत जास्त आशेने पाहिले जाते ते सुरखीच्याच वंशातले आहे. त्याचे नाव एलसी-थ्री, म्हणजे चुनखडी आणि भाजलेल्या मातीचे सिमेंट. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठात प्रा. कॅरन स्क्रिव्हनर, क्युबात प्रा. फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्याकडे आयआयटी दिल्ली व आयआयटी मद्रास येथील संशोधक यांनी मिळून ते घडवले. त्याच्या नेहमीच्या मिश्रणात क्लिंकर निम्मेच असते. उरलेल्यात तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि पाच टक्के जिप्सम. माती भाजायला ७०० ते ८५० अंश पुरतात, १,४५० लागत नाहीत. मातीच्या पोटात चुनखडीसारखा कार्बन नसतो, तिच्यातून निघते ती पाण्याची वाफ. आणि चिनी मातीच्या भांड्यांना लागते तशी पांढरीशुभ्र मातीही नको; चाळीस टक्के केओलिन असलेली, खाणवाले कमी प्रतीची म्हणून बाजूला टाकतात ती चालते. ओपीसीच्या तुलनेत कार्बन तीस ते चाळीस टक्क्यांनी उतरतो. झाशीला या सिमेंटने घर बांधून दाखवले आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये त्याचे मानकही काढले, आयएस १८१८९.

या सिमेंटची गरज का, तेही ऐका. स्लॅग मर्यादित आहे. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतून निघेल तेवढाच, आणि आपल्याकडे तो बहुतेक वापरला जातोच. कोळशाची केंद्रे पुढेमागे बंद व्हायची आहेत, तेव्हा राखही आटेल. माती मात्र आटणार नाही. आज राख आहे तोवर राख वापरायची आणि भाजलेल्या मातीची तयारी ठेवायची, अशी ही पायरी-पायरीची वाट आहे. पहिल्याच पायरीवर तुम्ही आडवे बसला आहात.

नियम आड येतात असे तर म्हणूच नका. पीपीसीचे मानक आयएस १४८९ पंधरा ते पस्तीस टक्के राखेला मान्यता देते. त्याचाच दुसरा भाग भाजलेल्या मातीच्या पीपीसीसाठी आहे आणि तो १९९१ पासून आहे. स्लॅग सिमेंटचे मानक आयएस ४५५, राख आणि स्लॅग दोन्ही असलेल्या कॉम्पोझिट सिमेंटचे आयएस १६४१५, ते २०१५ मध्ये आले. आरसीसीचे मूळ मानक आयएस ४५६ हे २००० सालापासून राख आणि स्लॅग वापरू देते. देशात विकल्या जाणाऱ्या सिमेंटपैकी निम्म्याहून जास्त पीपीसीच आहे. गावाकडे शेतकरी आयुष्याची पुंजी घालून घर बांधतो तेव्हा दुकानातून पीपीसीच्या गोण्या आणतो, आणि ते घर उभे राहते. जिथे इंजिनिअर नसतो तिथे हे सिमेंट चालते आणि जिथे तुमच्यासारखा तज्ज्ञ असतो तिथे ते बंद होते. याचा अर्थ काय लावायचा, साहेब? मी असा लावतो की तुम्ही मानक वाचत नाही, मागची निविदा वाचता.

हे कठोर आहे, मला कल्पना आहे. तुमची डिग्री, तुमचा अनुभव, तुम्ही उभ्या केलेल्या इमारती यांचा मी अपमान करत नाही. भूकंपासाठी तुम्ही सांध्यांतल्या रिंगांचा जो आग्रह धरलात तो मी सभेत उचलून धरला होता. पण ज्या माणसाला रिंगचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचे भान आहे, त्याने चाळीस हजार गोण्यांचा निर्णय सवयीने घ्यावा, हे मला पटत नाही. सवयीला जबाबदारीचे नाव देऊन तुम्ही सुटू शकत नाही.

आता मागणी. शुद्धिपत्रक काढा आणि ती दोन वाक्ये खोडून त्या जागी हे लिहा :

१. पाया, राफ्ट, तळघर, कॉलम, वीटकाम आणि गिलावा यांसाठी मानकात बसणारे पीपीसी, स्लॅग किंवा कॉम्पोझिट सिमेंट, अथवा आरएमसी प्लांटवर मोजून राख किंवा स्लॅग घातलेले काँक्रीट वापरावे.
२. ओपीसी जिथे खरोखर लवकर ताकद हवी तिथेच, आणि कारण लिहून.
३. स्वीकृती काँक्रीटच्या क्यूबवर, गोणीच्या छापावर नव्हे. राफ्टसाठी छप्पन्न दिवसांची ताकद ग्राह्य.
४. मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी, त्याची रोजची नोंद साइटच्या वहीत.
५. आरएमसी पुरवठादाराने दर घनमीटर काँक्रीटमागे क्लिंकर किती गेले ते बिलाबरोबर कळवावे.

पाचवी अट नवी आहे, पण कठीण नाही. प्लांटच्या बॅच रिपोर्टमध्ये सिमेंट, राख आणि स्लॅग यांचे वजन गाडीगणिक छापलेले असते. फक्त बेरीज करायची आहे.

शेवटी दोन शब्द माझ्या सभासद बंधू-भगिनींना आणि हे पत्र वाचणाऱ्या इतर सोसायट्यांनाही. पुनर्विकासाच्या सभेत आपण कार्पेट एरियाच्या एकेका फुटासाठी रात्री अकरापर्यंत भांडतो. ते भांडणे चूक नाही. पण तपशीलपत्रातले सिमेंटचे कलम एकदा उघडून पाहा. तिथे ‘फक्त ओपीसी’ दिसले तर हात वर करा आणि एकच शब्द विचारा : ‘का?’ उत्तरात मानकाचा क्रमांक, चाचणी किंवा आकडा आला तर ऐकून घ्या. राख या शब्दाची भीती घातली, तर कलम मंजूर करू नका.

साहेब, पुढची सभा रविवारी सकाळी दहाला आहे. त्या सभेत हे कलम मी पुन्हा मांडणार आहे. निविदा अजून उघडलेली नाही आणि एकही गोणी साइटवर आलेली नाही. शुद्धिपत्रकाला एक पान पुरते.

आपला,
सोसायटीचा एक सभासद, निवृत्त साइट इंजिनिअर